भाड्याने खोली मिळेल का?



स्मरणिका समितीने मला इतिहासावर काहीतरी लिहून द्या असं सांगितलं. प्लॉटची खरेदी, बोअरचं पाणी, कर्जाचे हप्ते, पहिली वार्षिक सभा यावर आपले सचिव याच अंकात सविस्तर लिहीत आहेत. म्हणून मी त्याच्याही आधीचा इतिहास घेतला आहे. स्वतःचं घर होण्याआधी आपण सगळेच कुठे ना कुठे भाड्याने राहिलो. आणि आज आपल्या चोवीस सदनिकांपैकी बहुतेक घरांतलं एक तरी लेकरू पुण्यात, मुंबईत नाहीतर हैदराबादला भाड्याने राहतं आहे. फोनवर पहिला प्रश्न असतो, "जेवण झालं का?" दुसरा असतो, "खोलीचं काय झालं?"

मोठ्या शहरात परवडणारी खोली का मिळत नाही? घरमालक लोभी असतात, हे सोपं उत्तर झालं. छत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली चाळल्यावर मला तेवढं उत्तर पुरत नाही. लोभी माणूस कुठे नसतो? हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जे आधीपासून आत राहतात त्यांच्या सोयीचे नियम होतात आणि त्या सोयीचा खर्च दाराबाहेर उभ्या असलेल्या नव्या माणसाकडून वसूल होतो. हे कसं होतं, ते मुंबईच्या उदाहरणाने सांगतो. शेवटी आपल्या सोसायटीकडेही येतो.

प्लेग, गिरण्या आणि चाळी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. कापडगिरण्यांमुळे शहर आधीच माणसांनी खच्चून भरलं होतं. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत साथ भराभर पसरली आणि हजारो लोक गावाकडे पळाले. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि नव्या चाळीही बांधल्या. पण पाडकाम लवकर होतं आणि बांधकामाला वेळ लागतो. पाडलेल्या घरातला माणूस शेजारच्या चाळीत शिरला आणि तिथली गर्दी वाढली.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, निघालं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे या खात्याने २०७ इमारती बांधल्या. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर लावला होता. एवढं करून सुरुवातीला यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला तेवढं भाडं झेपत नव्हतं. घर बांधणं आणि ते परवडणाऱ्या भाड्यात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारला तेव्हाच कळलं असणार.

मग कामगार राहिला कसा? त्याने भाडं वाटून घेतलं. कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावातली माणसं मिळून एक खोली घ्यायची. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी पाठ टेकायचे. प्रत्येकाची ट्रंक आणि खुंटी तेवढी स्वतःची. जेवण खाणावळीत. या खाणावळी गिरणगावातल्या बायका आपल्या घरात चालवत. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकांकडून छोटी कर्जं मिळवून दिली. स्वस्त राहणं म्हणजे खोलीच्या भाड्यासोबत जेवणाचाही हिशेब असतो, हे त्या बायकांना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाआधी ठाऊक होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पगार थांबले आणि खाणावळींचा तो हिशेबही कोलमडला.

याच काळात दुसरी एक वाट निघाली होती. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईतली ही पहिली गृहनिर्माण सोसायटी. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. भाड्याच्या जाचातून सुटायला मध्यमवर्गीयांनी एकत्र यायचं, ही कल्पना. त्या संस्थेत इमारत सोसायटीच्या मालकीची आणि सभासद हा आपल्याच सोसायटीचा भाडेकरू, अशी रचना होती. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खिशात पैसे असूनही

खोली मिळण्यासाठी पैसा हवा, हे खरं. पण पैसा असून खोली न मिळाल्याचं आपल्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९१७ साली ते कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण आणि लंडनमधला अभ्यास करून परतले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते खरी ओळख न सांगता, रोजचं भाडं देऊन राहिले. काही दिवसांत ओळख उघड झाली आणि हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. त्या दिवशी बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

मुंबईत ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीसेक वर्षं राहिले. एवढा विद्वान माणूस लहानशा खोल्यांत अभ्यास करत होता. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधलं. बडोद्याच्या घटनेला शंभरहून अधिक वर्षं झाली. आजही भाड्याचं घर पाहायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग मांसाहार करता का, आणि मग पगार. आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन मुलांनी हा अनुभव मला सांगितला आहे. त्यांची नावं इथे लिहीत नाही.

१९४० चं भाडं

आता कायद्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेवाढीला आळा घालणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तसेच निर्बंध आले आणि स्वातंत्र्यानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. त्याला प्रमाणभूत भाडं म्हणत. युद्ध, फाळणी, निर्वासितांचे लोंढे असा तो काळ. तेव्हा हा कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. त्याची गरज नाकारता येणार नाही.

अडचण अशी झाली की तात्पुरतं म्हणून आणलेलं औषध पन्नास वर्षं चालू राहिलं. मालकाला भाड्यातून छपराची कौलं बदलण्याइतकेही पैसे निघेनात, म्हणून त्याने डागडुजी सोडली. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. नवी इमारत बांधणाऱ्याने भाड्याने देण्याचा विचारच सोडला आणि तो मालकी हक्काचे फ्लॅट विकू लागला. या विक्रीवर नियंत्रण म्हणून १९६३ चा मोफा कायदा आला. म्हणजे साठच्या दशकापर्यंत 'भाड्यासाठी घर बांधणं' हा धंदाच मुंबईतून जवळपास उठला होता.

जुनी खोली हवी तर पागडी. भाडं कागदावर वीस रुपये, पण आत शिरायला हजारो रुपये रोख, बिनपावतीचे. तेव्हा गिरगावात आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या आणि गॅलरी, महिन्याचं भाडं साडेसोळा रुपये. त्याच गल्लीत खोली विचारली तर दलालाने पागडीचा जो आकडा सांगितला, तो माझ्या चार वर्षांच्या पगाराइतका होता. आतल्याला साडेसोळा रुपये आणि बाहेरच्याला चार वर्षांचा पगार, भिंत मात्र एकच.

बदलीवाला बरा

माझी मुंबईला बदली झाली ती १९८१ साली. तेव्हा हिंगोलीहून मीटर गेजच्या गाडीने पूर्णा, तिथून मनमाड, मनमाडला ट्रंक आणि वळकटी डोक्यावर घेऊन ब्रॉड गेजची गाडी पकडायची. पहिलं वर्ष डोंबिवलीत एका खोलीत आम्ही तिघं सहकारी राहिलो. नंतर कुटुंब आणलं आणि अकरा महिन्यांच्या करारांचा फेरा सुरू झाला. चार वर्षांत तीन घरं.

गंमत अशी की घर दाखवताना मालक हटकून विचारायचा, "तुमची बदली होते ना?" हो म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. मला आधी वाटलं, बँकेची नोकरी म्हणून मान देतात. मग एका सहकाऱ्याने उलगडून सांगितलं. १९७३ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे जे लायसेन्सवर राहत होते, ते कायद्याने भाडेकरू झाले. मालकाच्या हातून घर गेल्यासारखंच. तेव्हापासून मालकांच्या मनात धास्ती बसली की सरकार पुन्हा एखादी तारीख जाहीर करील. बदलीवाला माणूस निघून जाणार, म्हणून तो बरा. आमच्या एका मालकाने तर दहाव्या महिन्यातच, मुलीची वार्षिक परीक्षा तोंडावर असताना घर रिकामं करायला लावलं. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, आम्हाला दिवाळीचा फराळ आणून द्यायचा. पण त्याची भीती आमच्या परीक्षेपेक्षा मोठी होती. त्या काळात हजारो फ्लॅट कुलपात पडून होते ते याच भीतीने.

मराठवाड्याचा वेगळा कायदा

आपल्याकडे मात्र मुंबईचा १९४७ चा कायदा लागू नव्हता, हे तरुण सभासदांना कदाचित माहीत नसेल. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो, पण १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबादच होती. माझ्या वडिलांच्या पिढीला 'मोठं शहर' म्हणजे हैदराबाद. शिकायला, नोकरीला गेलेली मराठी माणसं काचीगुडा, सुलतान बाजार भागात खोली शोधत. हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा होता आणि मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावरही इथे तोच चालू राहिला. विदर्भात १९४९ चा तिसराच आदेश. एका राज्यात भाड्याचे तीन कायदे!

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९४० वर गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही, सरकारने नवा कायदा करावा. मग तिन्ही कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा मिळाली. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. बँका, सरकारी उपक्रम, एक कोटी किंवा जास्त भागभांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं, कारण त्यांना बाजारभाव परवडतो. आणि लायसेन्सची मुदत संपली की मालकाला घर परत मिळण्याची पक्की सोय झाली, नाहीतर दुप्पट भाडं.

तारखा जुळवून पाहा. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. कार्यालयं आली, बदलीवरची माणसं घरं शोधत फिरू लागली. आणि २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली. ज्या वर्षी नवा भाडे कायदा लागू झाला त्याच वर्षी आपण भाडेकरूपणातून बाहेर पडायची सुरुवात केली.

पुण्यातली कॉट

नव्या कायद्याने कुलपं काही प्रमाणात उघडली. पण भाड्यावर बंधन नाही, दर अकरा महिन्यांनी वाढ, डिपॉझिट, दलालाचा एक महिना, हे सगळं भाडेकरूच्या अंगावर आलं. स्पर्धा परीक्षेसाठी गेलेली आपली मुलं सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत खोली नाही, 'कॉट' घेतात. एका खोलीत चार कॉट, मेस वेगळी, अभ्यासिका वेगळी. गिरणगावातली पाळीची खोली नव्या नावाने परत आली आहे. शासनालाही हे मान्य करावं लागलं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात.

तरीही २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. का? बँकवाल्याच्या पद्धतीने पाहू. समजा पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं महिना १६,००० येतं. वर्षाचे झाले १,९२,०००. म्हणजे ३.२ टक्के. त्यातून सोसायटीचा खर्च, घरपट्टी, रंगकाम वजा करा. मुदत ठेवीत याच्या दुपटीच्या आसपास व्याज मिळतं. मालक फ्लॅटची किंमत वाढण्यावर डोळा ठेवून बसतो, भाडं त्याला किरकोळ वाटतं. भाडेकरूला मात्र तेच १६,००० पगाराचा अर्धा हिस्सा असतात. एकाला नगण्य आणि दुसऱ्याला जड, अशी ही रक्कम आहे. म्हणून जराशी कटकट दिसली की मालक नाही म्हणून मोकळा होतो. त्या 'नाही'चं त्याला फार काही लागत नाही.

आपल्या मुलांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. १९९९ च्या कायद्याने कितीही मुदतीचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते. दोन, डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि आकडा करारात लिहून घ्या. भांडण झालं तर तोंडी शब्दाला कुणी विचारत नाही.

आपल्यासमोरचा ठराव

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक प्रस्ताव आहे: 'अविवाहित व्यक्ती व विद्यार्थ्यांना सदनिका भाड्याने देऊ नये.' प्रस्ताव मांडणाऱ्या सभासदांची तक्रार खरी आहे. रात्री उशिरा मोटारसायकली, जिन्यात चपलांचा ढीग, टाकीचं पाणी संपणं. ज्येष्ठांना याचा त्रास होतो, मी त्यांच्यातलाच एक आहे.

पण जरा हिशेब करा. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतच्या खेड्यांतून मुलं-मुली शिकायला इथे येतात. त्यांच्या लेखी हिंगोली हेच मोठं शहर आहे. हाच ठराव पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांनी केलेला आहे आणि त्यामुळे आपलीच मुलं तिथे दारोदार फिरतात. तिथल्या सभेतही असेच समजूतदार ज्येष्ठ बसलेले असतील, त्यांनाही मोटारसायकलींचाच त्रास झाला असेल.

नियमाची बाजूही पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्कही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तेव्हा माझी सूचना अशी आहे की ठरावात माणसाची जात-प्रकार न लिहिता वागणुकीचे नियम लिहावेत. रात्री साडेदहानंतर आवाज नको, वाहनं ठरलेल्या जागी, एका सदनिकेत माणसं किती याची मर्यादा, पाण्याची वेळ. हे नियम मालकाच्या घरालाही लागू करावेत. मोडणाऱ्याला, मग तो सभासद असो की भाडेकरू, एकच नोटीस.

आणि मघाचा तो तपशील. कार्यालयातल्या काचेच्या चौकटीत आपलं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं आहे. त्यात वर्गीकरणाच्या ओळीत 'भाडेकरू सहभागीदारी संस्था' असं छापलं आहे. १९१५ च्या त्या गावदेवीच्या कल्पनेचा हा शब्द आपल्यापर्यंत आला आहे. सभेला येण्याआधी सगळ्यांनी एकदा तो वाचावा. तसंही हे गाव बाहेरून आलेल्यांचंच आहे. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही आपल्या मोहल्ल्यांची नावं छावणीच्या काळातली. कोणी घोडदळात आला, कोणी तोफखान्यात, आणि इथलाच होऊन राहिला.

ठराव काय करायचा ते सभा ठरवील, बहुमत मला मान्य आहे. माझ्याकडून एवढंच देतो: कुणाच्या मुला-मुलीचा पुण्या-मुंबईचा भाडेकरार असेल, किंवा आपल्याच एखाद्या सदनिकेत विद्यार्थी ठेवायचा असेल, तर सही करण्याआधी कागद माझ्याकडे आणा. वाचून देईन. सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो.

सोसायटीस रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.